कोवळा द्राक्षारस आणि आमची रुची

साहित्याच्या समीक्षेत आपण 'आस्वाद', 'रुची', 'रस', 'गोडी' हे शब्द इतक्या सहजपणे वापरतो, की ते मुळात जिभेचे शब्द आहेत याचा विसर पडावा. कवितेचा आस्वाद घ्यायचा, कादंबरी रुचली नाही म्हणायचे, नाटकात रस उतरला नाही अशी तक्रार करायची. परंतु जे प्रत्यक्ष जिभेवर येते त्याची समीक्षा करण्याची वेळ आली, की 'छान आहे' आणि 'बरे नाही' या दोन शब्दांपुढे आमची मजल जात नाही. या पानांत द्राक्षारसाची समीक्षा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. मद्याने मोडलेली घरे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. तेव्हा हा विषय सावधपणे हाताळला पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. पण ज्या समाजाच्या उपासनेच्या केंद्रस्थानी द्राक्षारस आहे, ज्याच्या लग्नात आणि नाताळात तो आहे आणि ज्याच्या आडनावांवर पोर्तुगालची मुद्रा आहे, त्या समाजाला त्या पेयाविषयी चार जाणते शब्द बोलता येऊ नयेत, हेही आम्हांस पटत नाही.

येथे आम्ही पोर्तुगालच्या पांढऱ्या द्राक्षारसाचा, त्यातही ताज्या, आंबटसर, बिनगोड प्रकाराचा विचार करणार आहोत. कारण पोर्तुगीज द्राक्षारस म्हटले की वसईतील माणसाच्या डोळ्यांपुढे गोड, दाट, तांबडी 'पोर्ट' उभी राहते. आणि आमच्या रुचीचा सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

वसई १५३४ सालच्या डिसेंबरात बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधला सव्वादोनशे वर्षांच्या आतला हा काळ आमच्या घरांत अनेक वस्तू आणि शब्द ठेवून गेला. पाव आला, बटाटा आला, अननस आणि काजू आले. पण मौज अशी, की द्राक्षारसाच्या सरंजामातील दोन शब्द मराठीत कायमचे मुक्कामाला राहिले आणि खुद्द द्राक्षारस मात्र परत गेला. 'पिंप' हा शब्द पोर्तुगीज 'पीपा'वरून आला. दोरु नदीच्या खोऱ्यात पीपा म्हणजे साडेपाचशे लिटरांचे लाकडी पात्र, आणि आजही तेथे द्राक्षारस त्या मापाने मोजतात. 'बूच' हा शब्द 'बुशा'वरून आला. जगातील निम्म्याच्या आसपास बूच आजही एकट्या पोर्तुगालातून येते. त्या ओकवृक्षाची साल एकदा काढली, की नऊ वर्षे त्याला हात लावायचा नाही असा तेथील कायदा आहे. आमच्या आज्यांनी पाण्याचे पिंप भरले, तेलाच्या बाटलीला बूच लावले. आत काय असायचे हे कोणी विचारले नाही.

आत काय येत होते, याचा अंदाज करता येतो. लिस्बनहून निघालेले गलबत आफ्रिकेला वळसा घालून सुमारे सहा महिन्यांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागे. इतका काळ विषुववृत्ताच्या उन्हात पिंपात डुचमळत राहून टिकेल तो द्राक्षारस अंगाने भारी असायला हवा. मदैरा बेटाचा द्राक्षारस तर या उन्हातान्हाच्या प्रवासाने उलट सुधारतो असे आढळले, तेव्हा पिंपे मुद्दाम जहाजावर चढवून परत आणण्याची प्रथाच पडली; त्याला 'फेरीचा द्राक्षारस' म्हणत. उत्तर पोर्तुगालातील शेतकऱ्याच्या घरचा हलका, कमी मद्यांशाचा, पांढरा द्राक्षारस या वाटेने वसईच्या कोटापर्यंत चांगल्या स्थितीत पोहोचला असेल, हे आम्हांस संभवनीय वाटत नाही. म्हणजे ज्या पोर्तुगालची आम्ही आठवण काढतो, त्याची सर्वांत घरगुती चव आमच्या पूर्वजांच्या जिभेवर बहुधा आलीच नव्हती.

आणि पोर्टचे म्हणाल, तर ती मुळात व्यापाऱ्यांची आणि इंग्रज गिऱ्हाइकाची निर्मिती. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचा अर्क ओतून आंबण्याची क्रिया थांबवायची, म्हणजे साखर शिल्लक राहते आणि मद्यांश चढतो, असे तिचे तंत्र आहे. १७५६ साली मार्क्विस पोंबाल याने दोरु खोऱ्याची हद्द आखून तिला सरकारी शिस्त लावली. (हाच पोंबाल तीन वर्षांनी येशूसंघीयांना पोर्तुगालच्या राज्यातून हद्दपार करणारा, द्राक्षांची हद्द आखणाऱ्या हातांनीच ही दुसरी रेघ ओढली, हे कॅथॉलिक वाचकाला ठाऊक असलेले बरे.) गोव्यात बाटलीबंद होणारी जी स्वस्त, गोड 'पोर्ट' आमच्या समारंभांत मिरवते, तिचा या दोरुच्या पोर्टशी संबंध नावापुरताच. उत्तम पोर्टची थोरवी आम्ही नाकारीत नाही. परंतु तिच्यावरून पोर्तुगालची रुची ठरवणे म्हणजे श्रीखंडावरून मराठी स्वयंपाकाची परीक्षा करण्यासारखे आहे.

आता त्या दुसऱ्या, साध्या द्राक्षारसाकडे वळू. पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, मिन्यु नदीपासून दोरु नदीच्या आसपासपर्यंत जो पावसाळी मुलूख पसरला आहे, तेथील द्राक्षारसाला 'व्हिन्यु व्हेर्द' म्हणतात. १९०८ साली त्याची हद्द कायद्याने निश्चित झाली. 'व्हेर्द' म्हणजे हिरवा. पण द्राक्षारसाचा रंग हिरवा नसतो. तो पांढरा असतो, तांबडाही असतो, गुलाबीही असतो. कोणी म्हणतात, हे नाव त्या हिरव्यागार प्रदेशावरून पडले. कोणी म्हणतात, ते पेयाच्या वयावरून पडले, कारण पोर्तुगीज भाषेत 'व्हेर्द'च्या उलट 'मादुरु', म्हणजे पक्व. आमच्या मते मराठी वाचकाने 'हिरवा' हा शब्द सोडूनच द्यावा. आपल्याकडे त्याहून नेमकी जोडी आहे: कोवळा आणि मुरलेला. काकडी कोवळी, लोणचे मुरलेले. व्हिन्यु व्हेर्द हा कोवळा द्राक्षारस. त्याला मुरवायचे नसते. बहुतेक बाटल्या वर्षा-दोन वर्षांत संपवाव्यात. ती तळघरात जपून ठेवून नातवाच्या लग्नात उघडण्याची वस्तू नव्हे.

या प्रदेशाचे वर्णन वाचताना वसईकराला घरच्यासारखे वाटेल. समुद्रावरून येणारा मुबलक पाऊस, ग्रॅनाइटची जमीन, छोटे छोटे तुकडे आणि एकाच तुकड्यात अनेक पिके. जमीन थोडी आणि तोंडे फार, म्हणून तेथील शेतकऱ्याने द्राक्षवेल जमिनीवर पसरू दिली नाही. ती शेताच्या कडेच्या झाडांवर चढवली किंवा दगडी खांबांवर उंच मांडव घालून वर नेली आणि खालच्या मोकळ्या जागेत मका आणि भाजीपाला लावला. आमच्या वाडीत पानवेल वर चढते, खाली दुसरेच काही वाढते आणि नारळ-केळी सोबतीला असतात. बुद्धी तीच, पीक निराळे. या उंच मांडवामुळे वेलीच्या पायाशी पावसाचा ओलावा साचत नाही, वारा खेळता राहतो. पण द्राक्षे सावलीत राहिल्याने पूर्ण गोड होत नाहीत. गोडी कमी म्हणून मद्यांश कमी, आणि आंबटपणा शाबूत. ज्याला आज आम्ही या पेयाचा गुण म्हणतो, तो मुळात गरिबीच्या शेतीतून आलेला आहे. अलीकडे तेथेही मांडव उतरवून तारांवर ओळीने वेली लावण्याची पद्धत रुळली आहे. त्याने द्राक्षे अधिक पिकतात आणि द्राक्षारस अधिक भरीव होतो. तो अधिक चांगलाही होतो काय, याचे उत्तर सर्व बाटल्यांसाठी एकच नाही.

या चवीला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न शब्दकोशापुरता नाही. शब्द नसला की चव नजरेतून सुटते. 'कुरकुरीत' म्हणावे तर तो दातांचा शब्द, चकलीचा. 'चटकदार' म्हणावे तर भेळ आठवते. 'आंबट' म्हणावे तर तक्रार केल्यासारखे होते. द्राक्षे आंबट, हे आमच्या भाषेत निंदाव्यंजकच आहे. आम्हांस 'करकरीत' हा शब्द बरा वाटतो. करकरीत कैरी, करकरीत नोट. त्यात ताजेपणा आहे, कडांची धार आहे, कोठेही लिबलिबीतपणा नाही. पाश्चात्त्य लेखक ज्याला 'कोरडा' द्राक्षारस म्हणतात, त्याला आपण सरळ 'बिनगोड' म्हणावे. ओल्या वस्तूला कोरडी म्हणण्याचे मराठीला काही कारण नाही. आणि लाळ सुटणे ही आपल्याकडची साधी कसोटी येथे शास्त्रशुद्ध ठरते: घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटले, की आंबटपणा जिवंत आहे असे समजावे. जीभ आक्रसली, तोंड सुपारी खाल्ल्यासारखे झाले, तर तो तुरटपणा. तो सालीतून आणि बियांतून येतो आणि तांबड्या द्राक्षारसात जास्त असतो. आंबट आणि तुरट यांतला भेद आवळा खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला शिकवावा लागू नये.

चाखण्याच्या रीतीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पेला अर्ध्याहून कमी भरावा, दांड्याला धरावा, उजेडात पाहावा, हलवून वास घ्यावा, छोटा घोट तोंडभर फिरवावा. परीक्षा अनेक बाटल्यांची असेल तर घोट थुंकून टाकावा. यात असभ्य काही नाही, जाणकार तेच करतात. पेय आठ ते दहा अंश तापमानाला असावे. वसईच्या मे महिन्यात पेला दहा मिनिटांत कोमट होतो, म्हणून थोडे थोडे ओतावे. बादलीत नुसता बर्फ न घालता बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातले, तर बाटली लवकर गार होते. पेल्यात बर्फ टाकणे मात्र आम्हांस नामंजूर आहे. कमी मद्यांशाच्या पेयात आणखी पाणी मिसळल्यावर परीक्षा कशाची करायची?

आता प्रत्यक्ष गुणदोषांकडे. व्हिन्यु व्हेर्दची जगभर गेलेली बाटली म्हणजे १९३९ पासून निघणारी 'काझाल गार्सिया' आणि तिच्या जातकुळीच्या इतर. यांत अनेक जातींच्या द्राक्षांचे मिश्रण असते, मद्यांश बेताचा असतो, किंचित गोडी ठेवलेली असते आणि जिभेला टोचतील इतके बुडबुडे असतात. हे बुडबुडे पूर्वी आपोआप येत: बाटलीत भरल्यानंतर आतला तीक्ष्ण आंबटपणा जिवाणूंच्या क्रियेने सौम्य होताना वायू सुटे आणि तो आतच कोंडला जाई. आज बहुधा तो वायू भरताना बाहेरून घालतात. त्याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाही. सोडा आपणही बाहेरूनच घालतो. आमचा आक्षेप गोडीला आहे. परदेशी गिऱ्हाइकाला आंबट रुचणार नाही या भीतीने ठेवलेली ही चमचाभर साखर पेयाची धार बोथट करते आणि मागे लिमलेटच्या गोळीसारखी चव राहते. १९४२ साली निघालेल्या 'मातेउश' या गुलाबी द्राक्षारसाने जग जिंकले, तेही याच युक्तीने. उन्हात तहान भागवण्यास ही पेये उत्तम आहेत; परीक्षणास त्यांत फारसे काही नाही.

खरी मौज एकेका जातीच्या द्राक्षापासून केलेल्या बाटल्यांत आहे. लिमा नदीच्या खोऱ्यातील 'लोरेइरु' घ्या. लोरेइरु म्हणजे तमालपत्राच्या कुळातील लॉरेल वृक्ष. (परेरा म्हणजे नासपतीचे झाड आणि ऑलिव्हेरा म्हणजे जैतुनाचे, आमची आडनावे ही एक वाडीच आहे.) या द्राक्षाला त्या पानाचा, लिंबाच्या सालीचा आणि संत्र्याच्या फुलाचा वास येतो. पहाटे वाडीत लिंबाचे पान चुरगळून हुंगल्यावर जो गंध येतो, त्याच्या जवळपास तो जातो. त्याचे अंग सडपातळ, शेवट आखूड, पण सुगंध असा की पेला खाली ठेवावासा वाटू नये. एक दोष मात्र सांगितला पाहिजे: पहिल्या वर्षी जो सुगंध दरवळतो तो अनेकदा दुसऱ्या वर्षी निम्मा होतो. बाटलीवरचे साल पाहूनच ती घ्यावी.

'आल्व्हारिन्यु'ची गोष्ट वेगळी. मोन्साव आणि मेल्गासु हे मिन्यु नदीकाठचे दोन तालुके. नदीपलीकडे स्पेनचा गालिसिया प्रांत, आणि तेथे याच द्राक्षाला 'आल्बारिन्यो' म्हणतात. डोंगर आडवे असल्याने समुद्राचा पाऊस येथे कमी पोहोचतो, उन्हाळा तापतो, द्राक्षे लहान आणि जाड सालीची होतात. मेल्गासुच्या 'सुआल्येइरु' या घराण्याने १९७४ साली आल्व्हारिन्युची बाग लावली आणि १९८२ साली आपल्या नावाची बाटली काढली. तोवर बहुतेक शेतकरी इतर जातींत मिसळून किंवा घरापुरताच द्राक्षारस करीत. या द्राक्षात जर्दाळू, मोसंबी आणि मागून हलकासा खारटपणा येतो. भरीवपणा आणि आंबटपणा एकत्र नांदणे पांढऱ्या द्राक्षारसात दुर्मीळ. ते येथे साधते. व्हिन्यु व्हेर्द कोवळाच प्यावा, हा वर सांगितलेला नियम आल्व्हारिन्यु मोडतो. चांगला आल्व्हारिन्यु पाच-सात वर्षांत मधासारखा गंध धरतो आणि तरीही करकरीत राहतो. किंमत अर्थातच त्या मानाने असते. आमच्या पसंतीत त्याचा क्रमांक पहिला आहे. लाकडी पिंपात मुरवून त्याला व्हॅनिलाचा वास आणण्याचा जो सोस अलीकडे दिसतो, तो मात्र आम्हांस पटत नाही. इतक्या स्पष्ट आवाजाच्या गायकाला ध्वनिक्षेपक कशाला हवा?

व्हिन्यु व्हेर्दच्या बाहेर दोन नावे जिज्ञासूंनी लक्षात ठेवावीत. लिस्बनच्या उत्तरेस 'बुसेलाश' नावाचा लहानसा टापू आहे. १९११ साली त्याची हद्द ठरली. तेथे 'आरिन्तु' हे द्राक्ष राज्य करते. आरिन्तुचा गुण असा, की उष्ण हवेतही त्याचा आंबटपणा उतरत नाही. गंध बेताचा, लिंबू आणि ओल्या दगडाचा. पण कणा ताठ. पहिल्या घोटात तो फारसे बोलत नाही. जेवणाबरोबर दुसरा पेला घेतला की कळतो. दुसरे नाव अझोर द्वीपसमूहातील 'पिकु' बेटाचे. काळ्या ज्वालामुखी खडकाच्या हजारो छोट्या चौकटी रचून, समुद्राच्या वाऱ्यापासून वाचवीत तेथे वेली वाढवतात. या दगडी जाळ्याला २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. त्या द्राक्षारसात मिठाचा स्पर्श जाणवतो असे म्हणतात, आणि आम्ही त्याला दुजोरा देतो. ज्यांनी मिठागराच्या वाऱ्यात लहानपण काढले, त्यांना तो ओळखीचा वाटेल.

आमच्या ताटाशी हे पेय कसे बसते? आमच्या दृष्टीने परीक्षेचे स्थान तेच. ताजा बोंबील रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळून तळला, तर त्यावर लिंबू पिळतो. आंबटपणाने तेल कापले जाते. तेच काम बिनगोड लोरेइरु किंवा आरिन्तु करतो, म्हणून त्या दिवशी लिंबू बाजूला ठेवावे. खाडीच्या कालवांबरोबर आल्व्हारिन्युइतके दुसरे काही शोभत नाही. नारळाच्या दुधातल्या पापलेटाच्या कालवणालाही आल्व्हारिन्युच हवा. हलके पेय त्या स्निग्धतेत बुडून जाते. तिखटाचे मात्र भान ठेवावे. मद्यांश जितका जास्त तितकी मिरची अधिक जाळते, आणि बुडबुडे तिला डिवचतात. म्हणून बाटली-मसाल्याच्या झणझणीत रश्शाबरोबर जर काही घ्यायचेच, तर कमी मद्यांशाचे, बुडबुडे नसलेले आणि अगदी थोड्या गोडीचे घ्यावे. ज्या गोडीवर आम्ही वर टीका केली, तिला येथे काम मिळते. सुक्या मासळीच्या उग्र वासापुढे मात्र यांपैकी एकही टिकत नाही. सुकेळी, नाताळचा केक यांच्यासोबत तर ही पेये ठेवूच नयेत. गोडाच्या शेजारी बिनगोड द्राक्षारस पाण्यासारखा आणि आंबूस लागतो, आणि दोष उगाच द्राक्षारसाला दिला जातो.

इंद्यालाचा प्रश्न सर्वांत रोचक आहे. या पदार्थाचे मूळ पोर्तुगीज 'व्हिन्या द आल्युश' मध्ये, म्हणजे द्राक्षारसात किंवा त्याच्या शिरक्यात लसूण घालून मांस मुरवण्याच्या पद्धतीत आहे. येथे द्राक्षारस नव्हता, ताडामाडाची ताडी-माडी होती. तिचा शिरका आला, मिरची आली आणि पदार्थ आमचा झाला. म्हणजे पोर्तुगालचा तो आंबटपणा आमच्या पेल्यात नाही तरी आमच्या मडक्यात राहिला. शिरक्याच्या पदार्थापुढे मऊ, गुळमुळीत द्राक्षारस मेल्यासारखा लागतो. आंबटाला आंबटच सामोरा जाऊ शकतो. येथे आरिन्तु टिकतो.

आणि माडीचा उल्लेख आला आहे तर सांगितले पाहिजे, की या कोवळ्या द्राक्षारसाचा आमच्या मातीतील सर्वांत जवळचा नातलग तीच आहे. पहाटे उतरवलेली माडी दुपारच्या आत किंचित फसफसते, आंबूस होते, मद्यांश फारसा नसतो आणि ती टिकत नाही. हेच तर व्हिन्यु व्हेर्दचे जुने लक्षण. जिच्यावर आमचे फुगे फुगत आले, ती आम्ही 'गावठी' म्हणून कमी लेखली आणि गोड पोर्टला 'साहेबी' म्हणून उचलून धरले. आमच्या रुचीवर वसाहतीचा खरा परिणाम कोठे झाला, ते यावरून दिसते. नाताळात घरोघरी होणाऱ्या वाईनचेही तसेच. काळ्या मनुका, जांभळे, बीट, आले, काहीही आंबवावे आणि वरून साखर ओतावी. ज्या आपुलकीने ती पाहुण्यापुढे येते, तिच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण पेय म्हणून तिची समीक्षा करायची तर साखर तिचे सर्व दोष झाकते आणि दोषांबरोबर जांभळाची चवही झाकते. साखर निम्मी करून, आंबण्याची क्रिया पूर्ण होऊ देऊन, एखाद्या वर्षी कोणी जांभळाची बिनगोड वाईन करून पाहावी. जांभळाला स्वतःचा आंबटपणा आहे, तुरटपणा आहे. त्याला आणखी आधाराची गरज नाही.

मद्यपानाच्या प्रश्नाला बगल देऊन हा लेख पुरा करणे आम्हांस अयोग्य वाटते. बायबल द्राक्षारसाला वर्ज्य मानत नाही. यशयाच्या भविष्यवाणीतील मेजवानीत तो आहे आणि बेन सिराच्या ग्रंथात तो माफक घेतल्यास आनंद देणारा व अतिरेक झाल्यास कडवटपणा आणणारा, अशा दोन्ही बाजू एकाच ठिकाणी सांगितल्या आहेत. संत पौलाने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचवले, हे आमच्याकडचे पिणारे मोठ्या उत्साहाने सांगतात. 'थोडा' हा शब्द मात्र सांगताना गिळतात. चर्चच्या कायद्याच्या ९२४व्या कलमाप्रमाणे मिस्सासाठी द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा लागतो. म्हणजे वेदीवरच्या द्राक्षारसाची निवड करणाऱ्यालाही बिघडलेला आणि न बिघडलेला यांतील फरक कळावा लागतो. चव कळल्याने व्यसन सुटते, असा दावा आम्ही करणार नाही. व्यसन हा आजार आहे आणि ज्याला तो जडला आहे त्याने हे पेले हाती घेऊ नयेत. त्याच्या घरात, त्याच्यासमोर ते कोणी भरूही नयेत. परंतु लग्नाच्या मांडवात किती पेट्या आल्या यावर जी प्रतिष्ठा मोजली जाते, तिच्यात काय प्यालो याची कोणालाच शुद्ध नसते, आणि त्या प्रतिष्ठेला आमचा विरोध आहे.

कानागावच्या लग्नातही मोठे परिमाण होतेच. सहा रांजण, प्रत्येकी दोन-तीन मापांचे; हिशेब केला तर साधारण एक पिंपभर द्राक्षारस. पण योहानाने त्या प्रसंगात पंगतीच्या कारभाऱ्याला जी भूमिका दिली आहे, ती समीक्षकाची आहे. तो द्राक्षारस कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. चाकरांना ठाऊक होते. नाव, गाव, किंमत, चमत्कार यांपैकी काहीच माहीत नसताना त्याने घोट घेतला आणि हा उत्तम आहे असा निर्वाळा दिला. आज जाणकार मंडळी बाटल्यांना कापड गुंडाळून परीक्षा घेतात, ती याच तत्त्वावर. आमच्यापैकी किती जण बाटलीवरचे नाव न पाहता असा निर्वाळा देऊ शकतील?

ही परीक्षा घरी करायला परदेशी बाटलीच हवी असे नाही. आयात द्राक्षारसावर दीर्घकाळ दीडशे टक्के शुल्क राहिल्याने तो सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेला. नाशिक आपल्यापासून दिवसभराच्या जाण्यायेण्यावर आहे. २००० सालापासून तेथून सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या जातींचे द्राक्षारस येऊ लागले. तेथे द्राक्षे थंडीच्या अखेरीस, उन्हाळा चढण्याच्या आत तोडतात. रात्रीच्या गारव्याने आंबटपणा काही प्रमाणात टिकतो. सोव्हिन्यों ब्लांमध्ये हिरव्या मिरचीचा आणि पेरूचा वास स्पष्ट येतो. शेनिन बहुधा गोडीकडे झुकते. मिन्युच्या पावसाची धार त्यांत नाही, पण करकरीतपणा ओळखायला शिकण्यास पहिली पुरेशी आहे. दोन नाशिकच्या आणि एक पोर्तुगालची अशा तीन बाटल्या आठ-दहा जणांत मिळून घ्याव्यात, परवाने जवळ असावेत, बाटल्यांना कापड गुंडाळावे आणि प्रत्येकाने आपले मत मराठीत, निदान तीन शब्दांत लिहावे. 'छान' हा शब्द त्या दिवशी बाद.

बाटली संपली नाही तर बूच लावून शीतकपाटात ठेवावी. दोन-तीन दिवस ती बरी राहते. त्यानंतरही उरले, तर लसूण वाटून त्यात घालावा, मिरे आणि मीठ घालावे आणि डुकराचे मांस रात्रभर त्यात मुरवावे.